इटलीत कामी आलेल्या मराठा सैनिकांच्या नावापर्यंत कसं पोहोचायचं? (सांग्रो, कॅसिनो, फोर्ली)

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९४३च्या हिवाळ्यात इटलीत कामी आले. घरात सहा टोकांचा एक कांस्य तारा आहे आणि पेन्शनचा एक फाटका कागद. त्यांची मुलगी, म्हणजे माझी आजी, आता ८६ वर्षांची आहे. मे महिन्यात तिला घेऊन जायचा विचार आहे. थडगं असेल तिथे दिवा लावायचा, एवढंच तिचं मागणं आहे. थडगं नेमकं कुठे आहे हे कसं शोधायचं? तिथे पोहोचायचं कसं, काय नेता येतं, काय नाही? आडनाव साळुंखे, तालुका पाटण. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

जुनी_दप्तरं
तिकीट काढण्याआधी एक गोष्ट पक्की करा: थडगं आहे का, दहनस्मारकावर नाव आहे, की बेपत्तांच्या स्मारकावर. या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याचदा तीन वेगळ्या गावांत आहेत. लोक इटलीत जाऊन रांगेने सगळे दगड वाचत बसतात आणि नाव सापडत नाही म्हणून रडवेले होऊन परततात. नाव असतं, पण दुसऱ्या जागी.

हिशोब असा आहे. मुसलमान आणि ख्रिस्ती सैनिकांचं दफन झालं, त्यांचा दगड आहे. हिंदू आणि शीख सैनिकांना शक्य तिथे अग्नी दिला गेला, त्यांची नावं त्या भागातल्या दहनस्मारकावर कोरलेली आहेत. ज्यांचा देह मिळाला नाही किंवा अंत्यसंस्काराची नोंद राहिली नाही, त्यांची नावं रोमच्या दक्षिणेला असलेल्या कॅसिनो गावातल्या स्मारकावर आहेत. लढाईच्या धामधुमीत काही हिंदू सैनिकांचंही दफनच झालं. त्यांच्या दगडावर वरच्या बाजूला देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं दिसतं. म्हणून 'हिंदू म्हणजे थडगं नसणारच' असंही धरून चालू नका.

सगळ्यात ठळक उदाहरण नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक), ३/५ मराठा (५व्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण), माणगावकडचे. १० जुलै १९४४ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले. नाव मात्र कॅसिनोच्या स्मारकावर आहे, म्हणजे रणभूमीपासून कितीतरी दक्षिणेला. रणभूमीच्या जवळची स्मशानभूमी गाठून त्यांचं नाव कधीच सापडणार नाही.

शोधायची जागा एकच: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं (युद्धात पडलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेचं) संकेतस्थळ. तिथे मृत सैनिकांच्या नावांचा शोध फुकट आहे. पण आपली मराठी नावं तिथे सरळ सापडत नाहीत. कारणं सांगतो.

रेजिमेंटचं नाव त्या काळच्या स्पेलिंगने टाका: एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. मधला एच आणि दोन टी विसरलात तर यादी रिकामी येते. पूर्ण नाव '५वी महराट्टा लाइट इन्फंट्री', आजचं 'मराठा लाइट इन्फंट्री' नाही.

आडनावाच्या रकान्यात नुसतं आडनाव टाकून थांबू नका. भारतीय सैनिकांचं पूर्ण नाव बऱ्याचदा एकाच रकान्यात सलग नोंदलंय, कधी नुसतं पहिलंच नाव आहे. साळुंखे हे के-एच-ई, के-ई, कधी मधल्या एनशिवाय असं सगळं करून बघा. जाधवच्या शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा नुसता ओ असतो. चव्हाणमध्ये व्ही आणि डब्ल्यू दोन्ही, पवारमध्ये पहिल्या अक्षरानंतर ए किंवा ओ. कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं.

नावाने हाती लागलं नाही तर उलटीकडून या. तारखेची मर्यादा नोव्हेंबर १९४३ ते जानेवारी १९४४ ठेवा, देश इटली, सैन्य भारतीय. येणारी यादी संगणकावर उतरवून घेता येते. मग 'अधिक माहिती'चा रकाना वाचत जा. 'अमुकचा मुलगा, अमुक गाव, अमुक जिल्हा' अशी ओळ तिथे असते. जिल्हे जुन्या नावाने आहेत: रायगड नाही, कुलाबा. सिंधुदुर्गाची गावं रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात. आजच्या सांगली जिल्ह्यातली कित्येक गावं साताऱ्यात. तुमचं पाटण साताऱ्यातच मिळेल. भोर, फलटण, जंजिरा, कोल्हापूर ही संस्थानं म्हणून येतात.

आणि एक. मराठी माणूस म्हणजे मराठा रेजिमेंटच, असं नाही. बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स, इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर, पायोनिअर कोअर, हॉस्पिटल कोअर यांतही आपले लोक होते. रेजिमेंटची चाळणी लावून काही मिळालं नाही तर ती काढून पुन्हा शोधा.

तुमच्या ताऱ्याकडे नीट बघा. भारतीय सैनिकांना दिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. ताऱ्याच्या मागच्या बाजूला, गोल पदकाच्या कडेवर. अंधारात टॉर्च आडवा धरा, म्हणजे अक्षरं सावलीने उठून दिसतात. भांडी घासायच्या पावडरीने मात्र घासू नका, आधीच उथळ असलेली अक्षरं कायमची जातील. तो नंबर मिळाला की स्पेलिंगची सगळी भानगड संपली.

रेखा_दापोली
नंबर मिळाला तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसलाही पत्र टाका. नंबर, हुद्दा, पलटण, गाव, पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स, नात्याचा पुरावा, सगळं एकाच पत्रात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र पुढे पाठवून घेतलं तर जास्त बरं. उत्तराला महिने लागतात, म्हणून ते येईपर्यंत प्रवास अडवून ठेवू नका. कमिशनच्या यादीत नाव मिळालं तर प्रवासापुरतं ते पुरेसं आहे.

कोयनाकाठ
जुनी_दप्तरं, मनापासून आभार. ताऱ्यामागे खरंच अक्षरं निघाली! त्या नंबरवरून नाव मिळालं: सांग्रो रिव्हर दहनस्मारक. म्हणजे थडगं नाही. आजीला हे कसं सांगावं याच विचारात आहे. आता जायचं कसं ते सांगा.

जुनी_दप्तरं
आजींना सरळ सांगा की त्यांना अग्नी मिळाला, रीतीप्रमाणे झालं, आणि नाव दगडात आहे. बऱ्याच घरांत हे ऐकून उलट दिलासा मिळतो, कारण इतकी वर्षं सगळ्यांना वाटत असतं की देह कुठेतरी तसाच राहिला.

त्या पानावर खाली मूळ कागदांच्या प्रती असतात. दगड असलेल्यांच्या बाबतीत देह आधी कुठे पुरला होता आणि नंतर कुठे हलवला, त्याचा तक्ताही मिळतो. सगळं उतरवून घ्या. स्मरणपत्रही (सैनिकाच्या नावाचं स्मृतिप्रमाणपत्र) तिथूनच छापता येतं. पॅनेल क्रमांक (स्मारकाच्या ज्या फलकावर नाव आहे त्याचा) वहीत लिहा आणि फोनमध्येही ठेवा. सांग्रोच्या टेकडीवर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका.

रुळावरून
सांग्रोबद्दल पहिली सूचना: गावाचं नाव तोरिनो दी सांग्रो आहे आणि इटलीतल्या लोकांसाठी नुसतं 'तोरिनो' म्हणजे उत्तरेतलं ट्युरिन शहर. रेल्वेच्या संकेतस्थळावर 'तोरिनो' टाकून तिकीट काढलं तर तुम्ही देशाच्या दुसऱ्या टोकाला जाल. ही चूक सर्रास होते.

ठिकाण आब्रुत्सो प्रांतात, किएती जिल्ह्यात, ॲड्रिॲटिक किनाऱ्यालगत आहे. मुक्काम पेस्कारात करा, तिथून साधारण ५० किलोमीटर. रोमहून पेस्काराला बस आणि रेल्वे दोन्ही आहेत. डोंगर ओलांडायचा असल्याने बस बहुतेक वेळा लवकर पोहोचवते. पेस्काराहून किनाऱ्याच्या लोकल गाडीने फोसाचेझिया-तोरिनो दी सांग्रो स्टेशनपर्यंत जाता येतं, पण तिथून स्मशानभूमी टेकडीवर आहे आणि स्टेशनबाहेर टॅक्सी उभी नसते. आजी सोबत असताना पेस्काराहूनच जाऊन-येऊन टॅक्सी ठरवा किंवा गाडी भाड्याने घ्या. ए-१४ महामार्गावर 'व्हाल दी सांग्रो' नावाचा फाटा आहे, तिथे उतरायचं. पत्ता विचारताना 'कोंत्रादा सेंतिनेल्ले' म्हणा.

गाडी घेणार असाल तर भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो इथेच आरटीओतून काढून न्या, वर्षभर चालतो. तिथे पोहोचल्यावर मिळत नाही. जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेड-टी-एल' (परवानगीशिवाय गाड्यांना बंदी) पाटी दिसली की आत वळू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो.

लोकल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घेतल्याशिवाय डब्यात चढू नका. तिकीट असूनही दंड होतो, त्याचं कारण हेच. रविवारी खेड्याकडच्या बसेस जवळजवळ नसतात. मे महिना उत्तम आहे. १५ ऑगस्टच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, अर्धी इटली सुट्टीवर असते.

सह्यकडा
व्हिसाबद्दल थोडं. शेंगेन पर्यटक व्हिसा, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, १५ दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला. मेसाठी जानेवारीतच भेटीची वेळ घ्या, उन्हाळ्याच्या वेळा झपाट्याने भरतात. पत्रात कारण स्पष्ट लिहा आणि स्मरणपत्राची प्रत जोडा. ८६ वर्षांच्या बाईने मे महिन्यात पेस्कारा हे गाव का निवडलं, हा प्रश्नच उरत नाही.

खडकीकर
प्रत्यक्ष जागेवर काय दिसतं ते लिहितो.

कमिशनच्या बहुतेक स्मशानभूमींची मांडणी ओळखीची आहे: मोठा दगडी क्रॉस, हिरवळ, रांगेत सारख्या उंचीचे दगड. प्रत्येक दगड साधारण ८१ सेंमी उंच, ३८ सेंमी रुंद, ७.५ सेंमी जाड. सुभेदार असो की शिपाई, माप तेच. १९१७मध्ये कमिशन स्थापन झालं तेव्हापासूनचं हे तत्त्व आहे. सांग्रोला २,६१७ थडगी आहेत आणि दहनस्मारकावर ५०० हून जास्त भारतीय नावं. थडग्यांच्या रांगांत शोधत फिरू नका, सरळ स्मारकाकडे जा.

फाटकाजवळच्या भिंतीत किंवा खांबात पितळी दाराचं छोटं कपाट असतं. त्यात नोंदवही आणि अभिप्रायवही. दार कुलूपबंद नसतं, जड असतं आणि उघडताना कुरकुरतं, जोर लावा. नोंदवही कधी दमटपणामुळे किंवा चोरीमुळे जागेवर नसते, म्हणून पॅनेल क्रमांक सोबतच हवा. अभिप्रायवहीत मराठीत लिहा, नाव आणि गाव घालून लिहा. उद्या त्याच गावचा दुसरा कोणी आला तर त्याला ते वाचायला मिळेल.

स्मारकावर नावं अशी लावलेली असतात: आधी रेजिमेंट, तिच्याखाली हुद्दा (सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक, लान्स नाईक, शिपाई), हुद्द्याखाली इंग्रजी वर्णक्रम. आणि हा वर्णक्रम भारतीय नावांच्या बाबतीत सहसा पहिल्या नावाने आहे. साळुंखे शोधायला एसखाली बघाल तर नाव दिसणार नाही. पणजोबांचं नाव ज्या अक्षराने सुरू होतं, तिथे बघा. हुद्दा मृत्यूच्या वेळचा धरायचा. घरात 'हवालदार' म्हणत असतील आणि दगडावर नाईक असतील, हेही नेहमीचं आहे.

फोटो भर दुपारी काढू नका. दगड पांढरा, अक्षरं उथळ, ऊन समोरून, मग फोटोत नुसता चकाकता पांढरा पट्टा येतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक सावली पडते आणि नाव स्वच्छ वाचता येतं. ढगाळ असेल तर बाजूने टॉर्च धरा, नाहीतर पांढरा कागद आडवा धरून प्रकाश परतवा. चार फोटो तरी घ्या: पूर्ण स्मारक, पूर्ण पॅनेल, रेजिमेंटच्या नावापासून हुद्द्यापर्यंतचा भाग, आणि नुसती नावाची ओळ. फक्त ओळीचा फोटो असेल तर पुढच्या पिढीला ती कुठल्या दगडावरची आहे तेच कळत नाही.

माळरान
पातळ कागद लावून पेन्सिलने नावाचा ठसाही काढता येतो ना? घरी फ्रेम करून लावायला फोटोपेक्षा तो छान दिसतो.

खडकीकर
माळरान, कृपया नको. दगड मऊ आहे, उन्हापावसाने पृष्ठभाग आधीच भुसभुशीत होतो. कागद सरकला की शिसं थेट अक्षराच्या खाचेत जातं आणि पुसायला गेलं की दगडाची पूड निघते. एकाने केलं तर कळत नाही, शंभरांनी केलं तर अक्षराची धार जाते. वाळू चोळून अक्षरं उठवणं, दगड ओल्या फडक्याने खरवडणं, हेही नको. तिरप्या उन्हातला फोटो मोठा छापून घ्या, ठशापेक्षा स्वच्छ दिसतो.

रेखा_दापोली
आता दिव्याबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि आजींसाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

फुलं, हार, छोटी पणती थोडा वेळ ठेवायला कोणी अडवत नाही. बंधन दगडाचं आहे. दगड सच्छिद्र असतो, तेल पडलं की आत मुरतं आणि पिवळसर डाग राहतो. हळद त्याहून वाईट, तिचा रंग दगडातून निघत नाही. कुंकवाचा लालही तसाच. म्हणून नावाला बोट लावून हळदकुंकू लावू नका. घरून स्टीलचं ताट न्या. त्यात पणती, हळदकुंकू, फुलं, सुपारी, सगळं मांडा आणि ते ताट स्मारकापुढच्या फरशीवर ठेवा. पणतीभोवती वाऱ्यासाठी काचेचा ग्लास. कोरड्या गवतावर दिवा अजिबात नको. निघताना वात विझवून ताट परत घ्या. तांदूळ उधळू नका, नारळ फोडू नका, ताटात नुसता ठेवा. परवानगीशिवाय अस्थी किंवा राख तिथे टाकू नका.

सामान नेण्याचे नियम कडक आहेत. युरोपात दुधाचे पदार्थ आणि मांस प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाही. म्हणजे तूपही नाही, पेढेही नाहीत. वात तेलाची करा, तेल तिथल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. कापसाच्या वाती घरून न्या. प्रसादाला तिळाचे लाडू, साखरफुटाणे, गूळ-शेंगदाणे चालतात. ताजी फुलं, तुळस, बेल, विड्याची पानं प्रमाणपत्राशिवाय नेऊ नका. फळांत फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांना सूट आहे, म्हणून तिथे नारळाला अडचण नाही.

गावची माती न्यायची इच्छा पुष्कळांना असते. भारतातून युरोपात माती नेण्यास बंदी आहे आणि तिकडची माती इथे आणायलाही वनस्पती संगरोधाचे नियम आडवे येतात. शिवाय तिथे खणायचं नाहीच. त्याऐवजी गावच्या घराचा किंवा ग्रामदैवताचा फोटो ताटाशेजारी ठेवा, निघताना उचलून घ्या.

फुलं तिथेच घ्या. इटलीत शेवंती हे फक्त मृतांचं फूल आहे, स्मशानातच वाहतात. फुलवाल्याला 'क्रिझांतेमी' म्हटलं की त्याला कारण कळतं. आपल्याकडे शेवंती दिवाळी-दसऱ्याची, म्हणून आजींनाही ती आपली वाटेल. पण ती कोणाच्या घरी भेट म्हणून नेऊ नका, फार वाईट दिसतं. झेंडू मिळाला तर रोपांच्या दुकानात, कुंडीतला. गुच्छाला तार किंवा प्लास्टिकचा कागद असेल तर काढून टाका, गवत कापायच्या यंत्रात अडकतं.

रुळावरून
चाकांच्या खुर्चीबद्दल कोणी लिहिलं नाही. सांग्रोची जागा उतारावर आहे, टेकडीच्या कुशीत वाटीसारखी. खुर्चीची पुढची चाकं लहान असतील तर ती गवतात रुततात. पाऊस पडून गेला असेल तर हमखास. उपाय साधा आहे: खुर्ची उलटी फिरवा आणि मोठी चाकं पुढे ठेवून ओढत न्या. दोन माणसं लागतात, एक ओढायला, एक आजींचे पाय सांभाळायला. कमिशनच्या संकेतस्थळावर प्रत्येक स्मशानभूमीच्या पानावर खुर्चीची सोय आहे की नाही ते लिहिलेलं असतं, बंद असण्याची सूचनाही तिथेच असते. आदल्या दिवशी ते पान बघूनच निघा. घडीची छोटी खुर्ची आणि छत्री न्या, बाकडी उन्हात असतात. पाणी सोबत ठेवा, आसपास दुकान नाही. प्रसाधनाची सोयही गावातच करून घ्या.

माळरान
ज्यांचं नाव सांग्रोला नाही, कॅसिनो किंवा फोर्लीला आहे, त्यांच्यासाठीही कोणी लिहा.

रुळावरून
कॅसिनो सगळ्यात सोपं. रोमच्या तेर्मिनी स्टेशनहून थेट लोकल, दीड ते दोन तास, आणि स्टेशनपासून चालत वीस-पंचवीस मिनिटं. घोटाळा एकच: कॅसिनोत वेगवेगळ्या देशांच्या युद्ध स्मशानभूमी आहेत. पोलंडची डोंगरावर मठाजवळ, जर्मनांची कायरा गावात, आपली खाली शहरालगत. टॅक्सीवाल्याला नुसतं 'चिमितेरो' (स्मशानभूमी) म्हटलं तर तो बहुतेक मठाकडे नेतो. 'कॉमनवेल्थ' किंवा 'इंग्लेझे' म्हणा. बेपत्तांची ४,००० हून जास्त नावं इथे हिरव्या संगमरवराच्या उभ्या स्तंभांवर आहेत. हिरव्या दगडावरची अक्षरं पांढऱ्यापेक्षा अवघड दिसतात, टॉर्च हवाच.

फोर्लीलाही हीच अडचण. 'फोर्ली वॉर सिमेटरी' आणि 'फोर्ली इंडियन आर्मी वॉर सिमेटरी' या दोन वेगळ्या जागा आहेत, शहराच्या दोन दिशांना. भारतीय आहे ती राव्हेन्ना रस्त्यावर, 'व्हिया राव्हेन्याना'. तिथे ४९६ थडगी आणि दहनस्मारकावर जवळजवळ ८०० नावं. फोनच्या नकाशात 'इंदियानो' शब्द दिसतोय का ते बघूनच गाडीत बसा. स्टेशन बोलोन्या-रिमिनी मार्गावर. शेजारचं स्टेशन फोर्लिम्पोपोली आहे, अर्धवट ऐकून तिथे उतरू नका. गॉथिक लाइन (उत्तर इटलीतली जर्मनांची बचावफळी) आणि सेनिओ नदीच्या लढाया, म्हणजे १९४४चा शरद ते एप्रिल १९४५, यांत पडलेल्यांची नावं मुख्यतः इथे.

तिन्ही करायचे असतील तर क्रम रोम, कॅसिनो, पुन्हा रोम, मग पेस्कारा, सांग्रो, आणि तिथून किनाऱ्याच्या रेल्वेने वर रिमिनी, फोर्ली, बोलोन्या. परतीचं विमान बोलोन्याहून घ्या, उलट फेरा वाचतो. रिमिनीला गुरखा सैनिकांची स्मशानभूमी आहे, तिथल्या छोट्या दहनस्मारकावरही भारतीय सैन्यातली १७२ नावं आहेत.

जुनी_दप्तरं
धागा वाचणाऱ्यांपैकी ज्यांचं नाव इटलीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. केरेनला (इरिट्रिया, १९४१) मराठा पलटणी लढल्या, तिथे वेगळं दहनस्मारक आहे. ब्रह्मदेशातल्या बेपत्तांची नावं यांगूनच्या उत्तरेला तौक्क्यानमध्ये. भारतातच वारलेल्या आणि ज्यांची जागा टिकवता आली नाही अशांची दिल्ली आणि कराचीच्या स्मारकात. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये), कूतच्या वेढ्यात पडलेल्यांसाठी बसरा स्मारक. पण तिथे भारतीय शिपायांची नावं दगडावर कोरलीच नव्हती, पलटणवार नुसता आकडा होता. नावं कोरली ती फक्त अधिकाऱ्यांची. हा अन्याय होता आणि कमिशननेही २०२१मध्ये तो मान्य केला. त्या शिपायांची नावं कमिशनच्या ऑनलाइन नोंदीत मिळतात. बसऱ्याला जाऊन दगडावर शोधू नका.

आणि पुण्यातल्यांनी परदेशी जायच्या आधी खडकीच्या मुळा रोडवरच्या युद्ध स्मशानभूमीत एक सकाळ काढा. दुसऱ्या महायुद्धातली १,६६८ थडगी आहेत, शिवाय पहिल्या महायुद्धातल्या ६२९ जणांचे अवशेष १९६२मध्ये मुंबईच्या शिवडीहून इथे हलवलेले. नोंदवहीचं कपाट कुठे असतं, रांग आणि क्रमांक कसे वाचायचे, ऊन कुठून येतं, सगळा सराव तिथे होतो.

कोयनाकाठ
एक नवी अडचण. नोंदीत गावाचं नाव चुकलंय. पेन्शनच्या कागदावर वेगळं आहे, बरोबर तेच. दुरुस्त होतं का?

जुनी_दप्तरं
होतं. संकेतस्थळावर दुरुस्तीचा अर्ज आहे. पुरावा त्या काळचा लागतो: पेन्शनचा कागद, सैन्याचं पत्र, पदकाचा फोटो. आत्ताचं आधार कार्ड किंवा सात-बारा उपयोगाचा नाही. पेन्शनच्या कागदाच्या दोन्ही बाजू सपाट ठेवून स्कॅन करा, घडीवरची अक्षरं झाकली जाणार नाहीत असं बघा, आणि मोडी मजकूर असेल तर त्याचं लिप्यंतर सोबत जोडा. गावाचं नाव ऑनलाइन नोंदीत असतं, स्मारकावर नसतं. म्हणजे दगडाला हात लावावा लागत नाही, नोंद बदलली की झालं. आजच पाठवा, मेपर्यंत बदलली असेल तर नवं स्मरणपत्र छापून ताटाशेजारी ठेवता येईल.

रेखा_दापोली
आणि छापलंत तर जाड कागदावर, प्लास्टिकच्या पाकिटात घालून न्या. सांग्रोला संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटतो. दोन छोटे दगड वजनाला ठेवा, ते वाटेतले उचला, स्मशानभूमीतले नकोत.